भुकेल्या हातांचे मंदिर

आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते आणि तिच्या दोन्ही तीरांवर मराठी कानी पडते. नाताळच्या सुमारास ह्या भागातून दक्षिणेकडे निघालेला ख्रिस्ती यात्रेकरू निर्मळ मागे टाकतो, गोदावरी ओलांडतो आणि रामायमपेठेहून मेदकला वळतो. चर्च ऑफ साउथ इंडियाच्या मेदक धर्मप्रांताचा विस्तार आदिलाबादपर्यंत पोहोचतो. त्यामुळे मेदकचे महामंदिर त्याला माहेरासारखे वाटते.

तीर्थ म्हटले की संताची समाधी, एखादा पवित्र अवशेष किंवा चमत्काराची कथा मनापुढे उभी राहते. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेविअरचे देहावशेष आहेत, वांद्र्याला मोत माउलीची मूर्ती आहे. मेदकला असे काहीच नाही. तरीही तेथे सर्व धर्मांचे लोक मोठ्या संख्येने जातात. मग ह्या स्थळाचे पावित्र्य कशात आहे?

त्याचे उत्तर मंदिराच्या जन्मकथेत सापडते. वेस्लियन मेथॉडिस्ट मिशनचे रेव्हरंड चार्ल्स वॉकर पॉस्नेट ह्यांनी 1914 साली हे बांधकाम आरंभिले. पुढील वर्षांत महायुद्धाची महागाई आणि दुष्काळ ह्यांनी निजामाच्या राज्यातील प्रजा गांजली. पॉस्नेट ह्यांनी भुकेल्यांना बांधकामावर लावले आणि त्यांच्या घरी अन्न पोहोचविले. सुमारे 175 फूट उंच मनोऱ्याचे हे मंदिर 25 डिसेंबर 1924 रोजी देवाला अर्पण झाले.

येथे मराठी माणसाला दामाजीपंतांचे स्मरण होते. मंगळवेढ्याच्या ह्या सत्पुरुषाने दुष्काळात सरकारी कोठारे मोकळी केली, अशी परंपरा आहे. त्यांना जाब देण्यासाठी जेथे बोलावणे आले, ते बेदरही मेदकच्या शेजारच्याच मुलखात. दामाजींनी धान्य दिले ते अटीवाचून. पॉस्नेट ह्यांनी दिले ते श्रमाच्या मोबदल्यात. उपाशी माणसाला दगड वाहावयास लावावे काय, असा आक्षेप कोणी घेतला तर तो सहज झटकून टाकता येणार नाही. ज्याच्या अंगी दगड उचलण्याचेही बळ उरले नाही, त्याला दामाजीच हवेत. परंतु ज्याचे हात अजून चालतात, त्याला भिकेची भाकर घशाखाली उतरत नाही, हेही तितकेच खरे.

अरण्यात उपाशी असताना ख्रिस्ताने धोंड्यांची भाकर करण्याचे नाकारले, असे शुभवर्तमान सांगते. मेदकला धोंड्यांची भाकर झाली; मात्र ती चमत्काराने नव्हे, घामाने.

मंदिराच्या भव्य खिडक्यांत रंगीत काचांची चित्रे आहेत: ख्रिस्ताचा जन्म, त्याचे क्रूसावरील मरण आणि त्याचे स्वर्गारोहण. बाहेर सूर्य असतो तोवरच ती उजळतात. तो मावळला की काच काळी पडते. दगडी मंदिराचेही तसेच आहे. पॉस्नेट ह्यांचे नाव आजही घेतले जाते, पण ज्यांनी डोक्यावर दगड वाहिले त्यांची नावे कोण घेतो? त्यांच्या कष्टांची आठवण मावळली, तर उरेल ती केवळ एक देखणी इमारत.

म्हणून परतीच्या वाटेवर यात्रेकरूने आशीर्वादाबरोबर एक प्रश्नही गाठीला बांधावा. रोजची भाकर दे, अशी प्रार्थना आपण करतो. ती भाकर आपल्या गावात आज कोणाच्या ताटात नाही?