हर्डीकरांची अभ्यासक्रमाबाहेरची शाळा

गंगाखेड हे जनाबाईचे गाव. सेवा म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणारी जनी आमच्या रोजच्या बोलण्यात असते. आता अशा तालुक्याच्या गावांतूनही मुले परदेशी विद्यापीठांत जाऊ लागली आहेत. निघताना वडीलधारे बजावतात, "कर्ज काढून पाठवतोय, अभ्यास सोडून भलतीकडे लक्ष नको." ही काळजी खोटी नाही. तरीही परदेशी शिकलेल्या हिंदी विद्यार्थ्यांचा इतिहास चाळताना मला दिसते, की त्यांतल्या काहींना वळण लावले ते वर्गाबाहेरच्या बिनमोबदला कामाने.

सर्वांत परिचित उदाहरण गांधीजींचे. १८८८ ते १८९१ या काळात ते लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करत होते. तिथे ते शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर गेले. बेजवॉटर भागात त्यांनी छोटा शाकाहारी क्लब काढला. अध्यक्ष डॉ. ओल्डफील्ड, उपाध्यक्ष एडविन अर्नोल्ड आणि चिटणीस स्वतः गांधी. क्लब काही महिन्यांतच बंद पडला. सभेत बोलायला उभे राहिले की गांधींची जीभ अडखळे. पण संस्था चालवण्याचा पहिला धडा आपल्याला तिथे मिळाला, असे त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे.

दुसरे नाव आपल्याकडे जवळजवळ विस्मृतीत गेले आहे : डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर. जन्म १८८९, धारवाडचा. आडनाव मराठी, कर्मभूमी कानडी मुलूख, मनावर टिळकांचा प्रभाव. पुणे आणि कलकत्ता इथले शिक्षण आटोपून ते १९१३ मध्ये अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकायला गेले. अभ्यासाबरोबर हिंदी विद्यार्थ्यांच्या संघटनेचे काम त्यांनी अंगावर घेतले. पुढे लाला लजपतराय यांच्याशी संबंध आला. १९१६ मध्ये टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापली होती. १९१७ मध्ये लालाजींनी न्यूयॉर्कमध्ये तिच्याच नावाची अमेरिकन संस्था काढली. 'यंग इंडिया' हे तिचे मासिक. या कामात हर्डीकर लालाजींचे प्रमुख सहकारी होते. अशा संस्थेत सभासद मिळवणे, वर्गणीचा हिशेब, पत्रव्यवहार, सभा ही कामे कुणीतरी रोज करावी लागतात. या कामांना गुण नसतात आणि पदवीपत्रावर त्यांची नोंदही होत नाही.

१९२१ मध्ये ते परतले आणि हुबळीत त्यांनी स्वयंसेवकांचे मंडळ उभे केले. १९२३ मध्ये नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला. तुरुंगातल्या हालांना कंटाळून अनेकांनी माफी लिहून दिली. हर्डीकरांची हुबळीची तुकडी मात्र ठाम राहिली. त्याच डिसेंबरात काकीनाडा काँग्रेसच्या वेळी हिंदुस्थानी सेवा मंडळ जन्मास आले. तेच पुढचे सेवा दल. त्याचे पहिले अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. पण घडवणारा हात हर्डीकरांचा. गणवेश, कवायत, प्रशिक्षण शिबिरे ही त्याची ओळख. माझे अनुमान असे, की त्यांनी अमेरिकेतून सेवाभाव आणला नाही. तो इथे जनाबाईपासून होताच. त्यांनी आणली ती सेवेची शिस्त : कामाची वाटणी, वेळेचे बंधन, पै-पैचा हिशेब.

मात्र परदेशातली प्रत्येक स्वयंसेवा गोडच असते, असे नाही. १९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटताच गांधीजी लंडनला पोहोचले. त्यांच्या पुढाकाराने तिथल्या हिंदी रहिवाशांनी शुश्रूषा पथक काढले. त्यात विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. डॉ. कँटली यांनी सुमारे ८० जणांना सहा आठवड्यांत प्रथमोपचार शिकवले. पुढे लष्करी अधिकाऱ्याने त्यांच्यावर ऑक्सफर्डचे विद्यार्थी नायक म्हणून लादले, तेव्हा पथकाने विरोध केला. आमचे नायक आम्ही निवडू, एवढेच म्हणणे. वाद चिघळला, तडजोडी झाल्या आणि अखेर बरेच जण नेटलीच्या लष्करी रुग्णालयात जखमींच्या सेवेला गेले. फुकट काम करणाऱ्यालाही मान असतो, हे त्या तरुणांनी परक्या भूमीवर बजावून सांगितले. हा धडाही अभ्यासक्रमात नव्हता.

आज जाणाऱ्या विद्यार्थ्यांपुढचे प्रश्न वेगळे आहेत. व्हिसाचे नियम स्वयंसेवा आणि बिनपगारी नोकरी यांत फरक करतात. तो समजून घ्यावा लागतो. वेळ तुटपुंजा, कर्जाचा हप्ता डोक्यावर. म्हणून सगळ्यांनी संस्था काढाव्यात, असे मी म्हणणार नाही. पण आठवड्यातले दोन तास अन्नछत्रात किंवा वाचनालयात दिले, तर परका समाज ग्राहक म्हणून नव्हे, सहकारी म्हणून भेटतो. त्याची भाषा, त्याची कामाची रीत आणि त्याचे दोषही जवळून कळतात. हर्डीकर आरोग्यशास्त्र शिकायला गेले होते. देशाने त्यांना ओळखले ते मात्र कोणत्याही विद्यापीठाने न शिकवलेल्या कामासाठी. घरचे "भलतीकडे" म्हणतात, त्यातले थोडे तरी मुलांना करू द्यावे, एवढेच माझे मागणे.