एकरेणवीय थरांतील प्रावस्था-संक्रमणे

पाण्यासारख्या द्रवाच्या पृष्ठावर पसरलेल्या व केवळ एका रेणूइतकी जाडी असलेल्या थराला एकरेणवीय थर म्हणतात. असा थर व्यवहारतः द्विमितीय असतो. तापमान व पृष्ठदाब यांनुसार त्याला वायू, द्रव व घन यांच्याशी तुल्य अशा प्रावस्था (अवस्था) प्राप्त होतात; तथापि त्यांच्यातील संक्रमणे त्रिमितीय द्रव्यातील संक्रमणांहून अनेक बाबतींत वेगळी असतात.

ऐतिहासिक आढावा : चमचाभर तेल तळ्याच्या सुमारे अर्धा एकर पृष्ठावर पसरून लाटा शांत करते, हे निरीक्षण बेंजामिन फ्रँक्लिन यांनी १७७४ मध्ये प्रसिद्ध केले. या विषयाचा परिमाणात्मक पाया मात्र जर्मनीतील ब्राउनश्वाइक येथील आग्नेस पॉकेल्स (१८६२–१९३५) यांनी घातला. स्त्रियांना तेथे विद्यापीठीय शिक्षण खुले नसल्याने त्यांनी घरीच प्रयोग केले. पाण्याने काठोकाठ भरलेल्या पात्रावर पत्र्याची आडवी पट्टी सरकवून त्यांनी पृष्ठाचे क्षेत्रफळ कमीजास्त केले व पृष्ठताण मोजला. क्षेत्रफळ एका मर्यादेपर्यंत घटेतो पृष्ठताण जवळजवळ स्थिर राहतो व नंतर तो एकदम उतरतो, असे त्यांना आढळले. त्यांचे पत्र लॉर्ड रॅली यांनी शिफारस करून १८९१ मध्ये नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध करविले. या मर्यादेशी रेणू परस्परांना भिडलेले असतात, असा अर्थ रॅली यांनी १८९९ मध्ये लावला. अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१७ मध्ये दाखविले की, वसाम्लाची साखळी कितीही लांब असली, तरी घट्ट थरातील प्रत्येक रेणू सुमारे ०.२० चौ. नॅनोमीटर जागा व्यापतो. म्हणजेच रेणू पाण्यावर उभे असतात. पृष्ठरसायनशास्त्रातील संशोधनाबद्दल त्यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

संक्रमणाच्या स्वरूपाविषयीचा वाद : थर दाबत नेल्यास विस्तारित द्रव-प्रावस्थेतून तो संघनित प्रावस्थेत जातो. दोन प्रावस्था एकत्र नांदत असतील, तर समतापी आलेखातील तो भाग आडवा असावयास हवा. प्रत्यक्षात मात्र तो अनेक दशके तिरपा मिळत गेला. त्यामुळे हे एखादे अनोखे संक्रमण असावे, असे मानून त्यासाठी निरनिराळ्या उपपत्ती मांडण्यात आल्या. पॅलास व पेथिका यांनी १९८५ मध्ये अत्यंत शुद्ध द्रव्ये वापरून व परिस्थिती काटेकोरपणे नियंत्रित करून आडवे आलेख मिळविले. हे संक्रमण साधे, प्रथम कोटीचे ठरले व तिरपेपणाचा उगम मुख्यतः अशुद्धीत व अपुऱ्या समतोलात असल्याचे दिसून आले. अनुस्फुरण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही प्रावस्थांचे प्रदेश शेजारी शेजारी दिसू लागल्याने या निष्कर्षाला पुष्टी मिळाली.

द्विमितीय क्रम : खरे वेगळेपण अधिक घट्ट थरांत आढळले. पूर्ण दूरगामी स्थानिक क्रम असलेला द्विमितीय स्फटिक शून्याहून अधिक तापमानाला टिकू शकत नाही, हे पायर्ल्स व लांडाऊ यांनी १९३० नंतरच्या दशकात सुचविले होते. मर्मिन यांनी १९६८ मध्ये ते काटेकोरपणे सिद्ध केले. तरीही क्रमाचा लोप स्थानभ्रंशांच्या जोड्या सुटल्यामुळे होऊ शकतो, ही कल्पना कॉस्टरलिट्झ व थाउलेस यांनी १९७३ मध्ये विकसित केली. बेरेझिन्स्की यांनी तत्पूर्वीच तत्सम विचार मांडला होता. हॅल्पेरिन, नेल्सन (१९७८) व यंग (१९७९) यांच्या मते असे वितळणे दोन टप्प्यांत घडू शकते. मधल्या षट्दिशिक प्रावस्थेत रेणूंची स्थाने विस्कळीत होतात, परंतु शेजाऱ्यांच्या दिशांचा क्रम बराचसा टिकतो. कॉस्टरलिट्झ व थाउलेस यांना हॉल्डेन यांच्यासह २०१६ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

सिंक्रोट्रॉनमधील क्ष-किरणांच्या विवर्तनाने १९८७ पासून पाण्यावरील थरांची संरचना प्रत्यक्ष मोजता येऊ लागली. रेणूंचा कल शेजाऱ्याकडे आहे की दोन शेजाऱ्यांच्या मधोमध, यावरूनही प्रावस्था भिन्न ठरतात. अशा काही संक्रमणांत क्षेत्रफळ जवळजवळ बदलत नसल्याने ती पृष्ठदाबाच्या आलेखात क्वचितच जाणवतात. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकात मात्र ती दिसतात.

महत्त्व : फुप्फुसातील वायुकोशांचे अस्तर अशाच पृष्ठक्रियाशील थराने युक्त असते. श्वास सोडताना तो दाबला जाऊन पृष्ठताण अत्यल्प करतो व वायुकोश मिटू देत नाही. अकाली जन्मलेल्या अर्भकांत हे द्रव्य अपुरे असल्यास श्वसन धोक्यात येते, असे एव्हरी व मीड यांनी १९५९ मध्ये दाखविले. पुढे बाहेरून हे द्रव्य देण्याचे उपचार रूढ झाले.