शिपाईगड्याचा चित्रवर्ग

आमच्या गोंडपिपरीत एलिमेंटरी, इंटरमीजिएटला बसणारी मुले समोरचा माठ न्याहाळीत कागदावर उतरवू लागली, की मला एका लष्करी गृहस्थाचे नाव आठवते: कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन. जन्म १८८०, केपटाउनचा. शिक्षण लंडनच्या रॉयल अकॅडमीत. पहिल्या महायुद्धातून सुटून ते १९१९ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे प्रमुख झाले.

शिपाईगडी चित्रकला काय शिकविणार, असे कुणालाही वाटेल. पण आल्याआल्याच त्यांनी जिवंत माणूस समोर बसवून रेखाटनाचा वर्ग काढला. नुसत्या प्लॅस्टरच्या पुतळ्यांवर हात बसविलेल्या पोरांना तो केवढा धक्का असेल! पाठोपाठ भित्तिचित्रांचा वर्ग निघाला. इकडे युरोपचा शरीराभ्यास, तिकडे अजिंठा. बंगालच्या कलापंथीयांना हा संसार मुळीच रुचला नाही.

साहेब साम्राज्याचे अभिमानी होते, हे लपवायचे कशाला? तरी नव्या दिल्लीच्या सचिवालयातील भिंती मुंबईच्या विद्यार्थ्यांनी रंगविल्या, त्या त्यांच्याच खटपटीने. पुढे काटकसरीच्या दिवसांत स्कूलच बंद करावे अशी शिफारस झाली. मुंबईकरांनी ओरड केली तेव्हा ते वाचले.

१९३६ साली साहेब निवृत्त झाले, १९६५ साली वारले. त्यांच्या वेळचे विद्यार्थी जगन्नाथ अहिवासी मात्र पुढे कितीतरी वर्षे त्याच स्कूलमध्ये भारतीय शैलीचा वर्ग घेत होते.