रिबनची कुळकथा

मायक्रोसॉफ्ट वर्डच्या माथ्यावरची रुंद पट्टी, म्हणजे रिबन, आली २००७च्या ऑफिसबरोबर. तिचं मूळ मात्र टूलबारच्या गर्दीत आहे. १९८९मध्ये विंडोजसाठीचं पहिलं वर्ड आलं तेव्हा त्यात टूलबार होते दोन. २००३पर्यंत ते ३१ झाले. प्रत्येक नव्या सोयीला जागा हवी, म्हणून टूलबार वाढत गेले. ऑफिस २०००ने कमी वापरातले पर्याय मेनूतून आपोआप लपवून पाहिले, तर नेहमीच्या जागी नेहमीची गोष्ट सापडेना.

या गर्दीवर वापरणाऱ्यांकडे एक उपाय होता: आपली मांडणी आपण करणं. ऑल्ट दाबून बटण ओढलं की ते हव्या त्या टूलबारवर बसे. कागदावर सोडलं की नाहीसं होई. पुष्कळांच्या हातून ते चुकूनच होई आणि मग ‘माझं बटण गेलं कुठे?’ म्हणून शोधाशोध. प्रत्येकाचा पडदा वेगळा असला की फोनवरून मदत करणंही अवघड.

मायक्रोसॉफ्टने वापराची आकडेवारी तपासली, तेव्हा बदललेली मांडणी दोन टक्क्यांहून कमी वेळा दिसली आणि तीही बहुधा चार-दोन बटणांपुरती. म्हणून रिबन सर्वांना एकसारखी ठेवली. स्वतःची बटणं ठेवायला वरती क्विक अ‍ॅक्सेस टूलबार तेवढा उरला. रिबनच बदलायची तर एक्सएमएल भाषेत कोड लिहिणं आलं.

नवशिक्यांचा यात खरोखर फायदा झाला. पूर्वी मेनूंच्या पोटात दडलेल्या सोयी समोर आल्या. पण टक्केवारी किती जण ते सांगते, कुणाचं किती अडतं ते सांगत नाही. दिवसभर वर्डमध्ये काम करणाऱ्याने बसवलेली चार बटणं रोज शेकडो वेळा दाबली जातात. ती काढून घेणं म्हणजे त्याच्या हाताला लागलेलं वळण मोडणं. मायक्रोसॉफ्टने जुन्या ऑल्टच्या कळा चालू ठेवल्या, कारण त्या बोटांत बसलेल्या होत्या. मांडणीलाही तोच न्याय हवा होता.

तो २०१०मध्ये मिळाला. पर्यायांच्या खिडकीतून स्वतःचे टॅब आणि गट करता येऊ लागले. मूळ रूपाकडे परतायचं बटणही दिलं. माझ्या मते खरा तोडगा हाच: पहिली मांडणी सर्वांना सोपी, बदलायची वाट उघडी, चुकलं तर परत फिरायची सोय. नवं रूप आणणाऱ्या प्रत्येकाने या तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी द्यायला हव्यात.