सत्तावीस की बहात्तर? मराठी संख्यानामे आणि मुलांचा मेंदू

छत्रपती संभाजीनगर : गुलमंडी, औरंगपुरा किंवा शहागंज येथील कोणत्याही दुकानात ‘सत्त्याऐंशी रुपये झाले’ असे ऐकताच समोरच्या महाविद्यालयीन तरुणाने ‘म्हणजे एटी सेव्हन ना?’ असे विचारावे, यात आता नावीन्य उरलेले नाही. वडीलधाऱ्यांना ही मराठीची पीछेहाट वाटते. भाषाप्रेमाचा भाग वेगळा ठेवला, तरी या गोंधळामागे एक शास्त्रीय प्रश्न दडलेला आहे. संख्येला आपण जे नाव देतो, त्या नावाच्या घडणीचा गणित शिकण्यावर परिणाम होतो काय? मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र आणि मेंदूविज्ञान या तिन्ही शाखांतील संशोधक सुमारे चार दशके या प्रश्नाचा पाठपुरावा करीत आहेत. महाराष्ट्राने मात्र तो एकदाच, तोही विनोदाच्या अंगाने, चर्चिला.

जून २०१९ मध्ये ‘बालभारती’च्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी संख्यावाचनाची पद्धत दिसली आणि वादाला तोंड फुटले. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. संख्यानामांतील जोडाक्षरे लहान मुलांना जड जातात, बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम परस्परविरुद्ध असल्याने त्यांचा गोंधळ होतो, इंग्रजीत किंवा दक्षिणेकडील भाषांत ही अडचण नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जुनी नावे रद्द केलेली नसून नवी पद्धत पर्याय म्हणून दिली आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले होते. तरीही समाजमाध्यमांवर थट्टेला ऊत आला. विधिमंडळात तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या आडनावातील ‘वीस’वर कोट्या झाल्या. ‘गणिताच्या सोप्या वाटा’ लिहिणाऱ्या आणि अंकशास्त्रात संशोधन केलेल्या नारळीकर १७ जुलै २०२३ रोजी निवर्तल्या. त्यांनी मांडलेला मुद्दा मात्र कोटीबाजीने निकाली निघण्याइतका हलका नव्हता.

नावांची घडण

मराठीत दोन अंकी संख्या उच्चारताना एकक आधी येतो आणि दशक नंतर. ‘सत्तावीस’ या शब्दात सात प्रथम ऐकू येतो, वीस मागाहून. लिहिताना मात्र २ आधी आणि ७ नंतर. मुलाने ऐकले तसे लिहिले, तर २७ चे ७२ होतात. पहिली-दुसरीच्या शिक्षकांना ही चूक नवी नाही.

क्रमाच्या जोडीला शब्दांची मोडतोडही आहे. ‘दोन’ हा अंक बावीसमध्ये ‘बा’, बत्तीसमध्ये ‘ब’, बेचाळीसमध्ये ‘बे’ आणि ब्याऐंशीत ‘ब्या’ होतो. पन्नाशीच्या घरात एक्कावन्न, बावन्न म्हणता म्हणता त्रेपन्न, चोपन्न येतात. मग पुन्हा पंचावन्न आणि लगेच छप्पन्न. सत्तरचा ‘स’ जाऊन ‘हत्तर’ उरतो. ‘एकोण’ची गंमत आणखी वेगळी. संस्कृतातील ‘एक ऊन’, म्हणजे एक कमी, यावरून आलेला हा शब्द एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत इमानाने चालतो आणि नव्व्याण्णवला अचानक साथ सोडतो. ‘एकोणसाठ’मध्ये ‘साठ’ ऐकून मूल ६९ लिहिते, तेव्हा ते निष्काळजी नसते. बाकीच्या नावांवरून शिकलेला नियम ते प्रामाणिकपणे लावीत असते.

एकक आधी म्हणण्याची ही परंपरा संस्कृतातूनच आली. भास्कराचार्यांच्या काळातील ग्रंथकार शब्दांतून संख्या सांगताना एककापासून सुरुवात करून डावीकडे सरकत. हिंदी, गुजराती, उर्दू याच कुळातील. मराठवाड्याला लागून असलेल्या तेलुगू आणि कन्नड भाषांत मात्र दशक आधी येतो. तेलुगूत ‘इरवै ओकटि’ म्हणजे शब्दशः ‘वीस एक’. म्हणजे २०१९ मध्ये ज्या रचनेची टिंगल झाली, ती देगलूरच्या पलीकडच्या घराघरांत रोज बोलली जाते. आपल्या शहरातील उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्याची स्थिती आणखी निराळी आहे. मजकूर उजवीकडून डावीकडे आणि आकडे डावीकडून उजवीकडे असल्याने उजवीकडून येणाऱ्या त्याच्या नजरेला एकक आधी भेटतो, ‘इक्कीस’ या उच्चाराशी तो जुळतोही. पण हाताने लिहायला बसले की क्रम पुन्हा उलटतो.

संशोधन काय सांगते?

या विषयावरील सर्वाधिक काम जर्मन भाषेवर झाले आहे, कारण तीही ‘एक आणि वीस’ असेच म्हणते. ऑस्ट्रियातील पहिलीच्या मुलांना संख्या सांगून लिहावयास लावणारा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांच्या एकूण चुकांपैकी जवळपास निम्म्या चुका एकक-दशकाच्या उलटापालटीशी संबंधित होत्या. या चुकांचा संबंध मुलाच्या ‘कार्यरत स्मृती’शी, म्हणजे ऐकलेली गोष्ट क्षणभर मनात धरून तिच्यावर प्रक्रिया करण्याच्या क्षमतेशी, असल्याचेही दिसले. सात ऐकायचा, धरून ठेवायचा, वीस ऐकायचे, दोन लिहायचा, मग धरलेला सात लिहायचा. सहा वर्षांच्या मुलाला ही कसरत वाटते त्याहून मोठी आहे.

भाषा बदलली की संस्कृती, शाळा, घरचे वातावरण सारेच बदलते, त्यामुळे दोन देशांतील मुलांची तुलना नेहमीच संशयास्पद ठरते. या दृष्टीने चेक भाषा संशोधकांना वरदान ठरली. चेकमध्ये एकाच संख्येची दोन नावे प्रचलित आहेत, ‘वीस एक’ आणि ‘एक आणि वीस’. सुमारे सात वर्षांच्या त्याच मुलांना दोन्ही प्रकारे संख्या सांगण्यात आल्या आणि उलट्या क्रमाच्या नावांना अधिक चुका झाल्या. हा अभ्यास २०११ चा. मुले तीच, शाळा तीच, फक्त शब्द वेगळे.

चिनी भाषेत अकराला ‘दहा एक’ आणि एकविसाला ‘दोन दहा एक’ म्हणतात. केविन मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये चिनी व अमेरिकी बालकांची मोजणी तपासली, तेव्हा दहापर्यंत दोन्हीकडे फरक नव्हता. अकरापासून, जिथे इंग्रजी नावे अनियमित होतात, तिथे अमेरिकी मुले मागे पडू लागली. इंग्रजी सरळ आहे, असे मानणाऱ्यांनी ‘थर्टीन’ ते ‘नाइन्टीन’ आठवून पाहावेत. तिथेही एकक आधीच येतो.

याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. वेल्समध्ये एकाच अभ्यासक्रमाच्या वेल्श आणि इंग्रजी माध्यमांतील मुलांची तुलना अॅन डाउकर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये केली. वेल्शची आजची संख्यानामे चिनीसारखी नियमित आहेत. वेल्श माध्यमाची मुले दोन अंकी संख्या वाचण्यात आणि त्यांची तुलना करण्यात सरस ठरली. एकूण अंकगणितात मात्र फरक आढळला नाही. म्हणजे नावाचा अडथळा खरा आहे, पण त्याची व्याप्ती मर्यादित आहे. मराठी संख्यानामांमुळे मुले गणितात कच्ची राहतात, असा निष्कर्ष यातून काढता येत नाही. तसेच ‘आम्ही शिकलोच की’ हे उत्तरही पुरेसे नाही. जे अडखळून मागे राहिले, ते हा युक्तिवाद करायला पुढे येत नाहीत.

मेंदूतील तीन खाती

फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्टॅनिस्लास देहान यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार मेंदू संख्येची नोंद तीन स्वरूपांत ठेवतो : तिचा आकार म्हणजे किती हे भान, तिचे उच्चारी नाव आणि तिची अंकांतील आकृती. ‘किती’चे भान प्रामुख्याने पार्श्विका खंडातील एका खाचेच्या परिसराशी निगडित असल्याचे पुढे मेंदूच्या प्रतिमांवरून दिसून आले. २७ चा ७२ लिहिणाऱ्या मुलाला सत्तावीस गोट्या म्हणजे किती हे अचूक कळत असू शकते. त्याचे ‘किती’चे खाते शाबूत असते, नावावरून आकृतीकडे जाताना वाट चुकते.

पाढ्यांचे खाते आणखी वेगळे. इन्सब्रुक येथील मार्गारेट डेलाझर यांच्या गटाने २००३ मध्ये दाखविले, की गुणाकाराचा सराव झाल्यावर मेंदूतील क्रियाशीलता आकारमानाच्या भागाकडून डाव्या बाजूच्या, भाषेशी संबंधित भागाकडे सरकते. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी घोकलेल्या पिढीला हे सांगण्यासाठी यंत्राची गरज पडली नसती. पाढा हा गणित कमी आणि उच्चार अधिक असतो.

येथेच सेमी-इंग्रजीचा प्रश्न उभा राहतो. एलिझाबेथ स्पेल्की आणि सान्ना सिवकिन यांनी २००१ मध्ये रशियन व इंग्रजी जाणणाऱ्या विद्यार्थ्यांना काही बेरजा एका भाषेत शिकविल्या आणि दोन्ही भाषांत विचारल्या. नेमके उत्तर ज्या भाषेत शिकले, त्याच भाषेत लवकर आले. अंदाजाच्या उत्तरांना मात्र भाषेची अडकाठी नव्हती. घरी आजी ‘पंचेचाळीस’ म्हणते, शाळेत बाई ‘फॉर्टी फाइव्ह’ शिकवितात, अशा मुलांच्या या शहरात हा निष्कर्ष थेट लागू पडतो. दुकानातील तो तरुण गणितात कच्चा नसतो. त्याचा हिशेब दुसऱ्या भाषेत साठविलेला असतो.

नॉर्वेने काय केले?

संख्यानामे कायद्याने बदलता येतात काय, याचा एकमेव मोठा प्रयोग नॉर्वेत झाला. तेथे १९५१ मध्ये संसदेच्या निर्णयाने ‘एक आणि वीस’ऐवजी ‘वीस एक’ ही पद्धत अधिकृत करण्यात आली. मागणी शिक्षकांची नव्हती, टेलिफोन खात्याची होती. क्रमांक सांगताना-ऐकताना होणाऱ्या चुका टाळाव्यात, हा हेतू होता. शाळा आणि आकाशवाणीने नवी पद्धत स्वीकारली, पण जुनी बोलण्यातून आजही पूर्णपणे गेलेली नाही. जर्मनीतही गणितज्ञ लोथार गेरिट्झेन यांच्या पुढाकाराने २००४ पासून एक संघटना अशाच बदलाचा आग्रह धरते. तिच्या नावाचा शब्दशः अर्थ ‘वीसएक’ असाच आहे.

चाचणीतील गफलत

केंद्राच्या ‘निपुण भारत’ अभियानात पहिलीच्या अखेरीस ९९ पर्यंतच्या आणि दुसरीच्या अखेरीस ९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता येणे अपेक्षित आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीतही दोन अंकी संख्या ओळखणे हा स्वतंत्र टप्पा असून पाचपैकी किमान चार संख्या बरोबर सांगाव्या लागतात. ३७ पाहून ‘त्र्याहत्तर’ म्हणणारे आणि ३७ म्हणजे काय हे ठाऊकच नसलेले, अशी दोन्ही मुले अशा तक्त्यात एकाच रकान्यात जातात. त्यांना लागणारी मदत मात्र एकसारखी नाही.

वर्गात हा भेद ओळखण्यास साहित्य लागत नाही. संख्या तोंडी सांगून एकदा लिहून घ्यावी आणि एकदा दहा-दहाच्या काड्यांच्या जुड्यांनी मांडून घ्यावी. मांडणी बरोबर आणि लेखन उलटे असेल, तर त्या मुलाला ‘वीस आणि सात, सत्तावीस’ असा दुहेरी उच्चार काही आठवडे उपयोगी पडतो. नारळीकरांच्या समितीचा पर्याय याहून फार वेगळा नव्हता. ‘एकोण’च्या चुका वेगळ्या काढून त्या आठ संख्यांचा स्वतंत्र सराव घ्यावा. मांडणीच चुकत असेल, तर नावांकडे न जाता जुड्यांपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. आणखी एक निरीक्षण शिक्षकांनी करण्याजोगे आहे. काही मुले ‘सत्तावीस’ ऐकून आधी ७ लिहितात, मग डावीकडे जागा साधून २ लिहितात. वहीत उत्तर बरोबर दिसते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. हीच संख्या मोबाइलच्या किंवा गणकयंत्राच्या कळांवर टिपायला सांगितली, की पडद्यावर ७२ उमटतात.