घरकुलाचा हप्ता नेमका कोणत्या खात्यात जातो? आधार मॅपिंगचा घोळ सोप्या भाषेत

गावात घरकुल मंजूर झालं की पुढचे काही महिने एकच प्रश्न फिरत असतो: "हप्ता पडला का?" आणि तो विचारला जातो घरातल्या सगळ्यात लहान माणसाला, कारण फोन त्याच्या हातात असतो. मी हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्याचा. आई, काकू, शेजारच्या आजी अशा बऱ्याच जणांसाठी मी हे तपासून दिलंय. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. हप्ता "आला नाही" असं वाटतं, तेव्हा बऱ्याचदा तो आलेला असतो, फक्त आपण बघतोय त्या खात्यात नाही. हे का होतं आणि फोनवर कसं तपासायचं, ते आज बघूया.

आधी थोडी पार्श्वभूमी. मुंबईत म्हाडाच्या संक्रमण शिबिरात राहणारा माणूस दर महिन्याला भाडं भरतो. तिथे पैसा रहिवाशाकडून सरकारकडे जातो. घरकुलात उलटं आहे. भाडं नाही, घर आपल्या नावावर (योजनेत ते बाईच्या किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर करण्यावर भर आहे) आणि पैसा सरकारकडून आपल्याकडे येतो. म्हणजे सगळा भार बँक खात्यावर. खातं बंद पडलं तर घर अर्ध्यावर थांबतं. मिस्त्री थांबत नाही, सिमेंटवाला उधारी देत नाही आणि मग सावकाराकडे जावं लागतं.

किती पैसा, कसा येतो?

इंदिरा आवास योजनेच्या जागी २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. सपाट भागात घरामागे १,२०,००० रुपये, घर किमान २५ चौरस मीटर. महाराष्ट्रात हे पैसे चार टप्प्यांत येतात: मंजुरीनंतर १५,०००, जोतं झाल्यावर ७०,०००, बांधकाम वर गेल्यावर ३०,००० आणि घर पूर्ण झाल्यावर ५,०००. २२ फेब्रुवारी २०२५ ला पुण्यात बालेवाडीच्या कार्यक्रमात राज्यातल्या २० लाख लोकांना मंजुरीपत्रं दिली गेली आणि १० लाख लोकांना पहिला हप्ता एकदम सोडला गेला. त्याशिवाय रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२,००० रुपये वेगळे येतात. रमाई, शबरी आणि मोदी आवास या राज्याच्या योजना आहेत, पण पैसा तिथेही थेट खात्यातच जमा होतो.

प्रत्येक टप्प्यावर अभियंता घरासमोर उभा राहून ॲपमधून फोटो काढतो. फोटोसोबत जागेचं लोकेशन जातं. मग पंचायत समितीतून निधी हस्तांतरण आदेश निघतो, त्याला 'एफटीओ' म्हणतात. एफटीओवर डिजिटल सही झाली की तो पीएफएमएस या सरकारी प्रणालीत जातो आणि तिथून बँकेत. ग्रामपंचायतीतून "तुमचा एफटीओ झालाय" असं सांगतात, ते याबद्दल. एफटीओ झाला याचा अर्थ पैसा निघाला. पोचला असा नाही!

मॅपर म्हणजे काय?

लोकांना वाटतं, सरकारकडे आपला खाते क्रमांक आहे, त्यावरच पैसे येणार. काही वेळा तसंच होतं. पण आता डीबीटीचा मोठा भाग आधारच्या वाटेने येतो. रोजगार हमीच्या मजुरीला तर १ जानेवारी २०२४ पासून हीच पद्धत सक्तीची झाली.

या वाटेत सरकार फक्त आधार क्रमांक पाठवतं. एनपीसीआय (यूपीआय चालवणारी तीच संस्था) आपल्या यादीत बघते की हा आधार कोणत्या बँकेशी जोडलाय. या यादीला 'मॅपर' म्हणतात. मॅपरमध्ये तुमचा खाते क्रमांक नसतो, फक्त बँकेची ओळख असते. एका आधारसमोर एकच बँक, आणि ती म्हणजे तुम्ही सगळ्यात शेवटी जोडलेली. नवीन बँकेत जोडणी झाली की जुनी आपोआप मागे पडते. आणि एकाच बँकेत दोन खाती असतील, तर त्यातल्या कोणत्या खात्यात टाकायचं ते ती बँक आपल्या नोंदीनुसार ठरवते.

इथेच गडबड होते. २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत बऱ्याच बायकांचं एकच खातं होतं: जनधनचं, नाहीतर ग्रामीण बँकेतलं. मग लाडकी बहीण आली. दीड हजारासाठी आधार जोडलेलं खातं हवं म्हणून पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत किंवा दुसरीकडे नवीन खाती निघाली आणि मॅपर तिकडे वळला. पुढच्या वर्षी घरकुलाचा हप्ता आला. आमच्या शेजारच्या काकू जुनं पासबुक घेऊन तीन वेळा तालुक्याला जाऊन आल्या, दर वेळी मजुरी बुडवून. पैसे पोस्टाच्या खात्यात होते.

हे देशपातळीवरही झालंय. २०१७ मध्ये मोबाईल सिमच्या आधार पडताळणीच्या वेळीच एअरटेल पेमेंट्स बँकेत ग्राहकांची खाती उघडली गेली, अनेकांना पत्ताही नव्हता आणि त्यांची गॅस सबसिडी तिकडे वळली. डिसेंबर २०१७ मध्ये यूआयडीएआयने कंपनीची आधार पडताळणी तात्पुरती थांबवली आणि मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने या बँकेला ५ कोटींचा दंड केला. म्हणून कुठेही अंगठा लावताना विचारा: "यानं माझं डीबीटी खातं बदलणार का?"

फोनवर कसं तपासायचं?

'माय आधार' संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून लॉगिन करा. तिथे 'बँक सीडिंग स्टेटस' दिसेल. त्यात बँकेचं नाव, जोडणी चालू आहे की बंद आणि शेवटचा बदल कधी झाला ते कळतं. तारीख नीट बघा, बऱ्याचदा उत्तर तिथेच असतं. साधा फोन असेल तर *९९*९९*१# डायल करता येतं. मात्र माझ्या अनुभवात ते कधी चालतं, कधी नाही.

बँक बदलायची असेल तर ज्या बँकेत पैसे हवेत तिथे जाऊन 'डीबीटीसाठी आधार सीडिंग' असं स्पष्ट म्हणा. नुसतं "आधार लिंक करा" म्हटलं तर केवायसीला आधार जोडून परत पाठवतात. ती वेगळी गोष्ट आहे. एनपीसीआयच्या संकेतस्थळावर 'भारत आधार सीडिंग एनेबलर' नावाची सोयही आहे. तिथून घरबसल्या बँक बदलण्याची विनंती टाकता येते, पण सगळ्याच बँका त्यात नाहीत.

खातं सापडलं तरी एक अडचण उरते, ती लोक विसरतात. पूर्ण कागदपत्रांशिवाय उघडलेल्या जनधनमधल्या 'छोट्या खात्या'ला मर्यादा असतात: शिल्लक ५०,००० पर्यंत, वर्षभरात जमा १ लाखापर्यंत, महिन्याला काढता येतात १०,०००. आता हिशोब करा. जोत्याचा हप्ता ७०,००० चा आहे. सरकारी अनुदान जमा होताना शिल्लकीची मर्यादा धरली जात नाही, पण महिन्याला १०,००० प्रमाणे ते काढायला सात महिने लागतील. जोतं भरायला घेण्याआधीच बँकेत जाऊन पूर्ण केवायसी करून घ्या. केवायसी झाल्यावरही ते खातं शून्य शिल्लक ठेवता येणारं बेसिक बचत खातं राहतं, दंड वगैरे काही नाही.

दोन वर्षं व्यवहार नसल्याने खातं निष्क्रिय झालं असेल तर ते चालू करायला पैसे लागत नाहीत. कोणी मागितले तर देऊ नका. डीबीटीसाठी उघडलेली शून्य शिल्लक खाती निष्क्रिय धरायची नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

पैसे काढताना

गावातल्या ग्राहक सेवा केंद्रावर अंगठ्याने एका व्यवहारात जास्तीत जास्त १०,००० निघतात. ७०,००० साठी सात वेळा अंगठा, आणि बँकेची दिवसाची मर्यादा वेगळीच. मोठी रक्कम शाखेतून स्लिप भरून काढणं बरं. गवंडीकाम आणि ऊसतोड करणाऱ्यांचे ठसे झिजलेले असतात, त्यामुळे "लागला नाही, परत लावा" हे खरंही असतं. पण दर वेळी छापील पावती मागा आणि मोबाईलवर आलेला मेसेज तिथेच वाचा, कारण न लागलेल्या अंगठ्यावर पैसे निघाल्याच्या तक्रारी बऱ्याच आहेत. एम-आधार ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, काम असेल तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडता येतं.

आणि घरपट्टी?

भाडं नसलं तरी घर उभं राहिलं की ग्रामपंचायतीची घरपट्टी आणि पाणीपट्टी सुरू होते. बऱ्याच ग्रामपंचायतींनी क्यूआर कोड लावलेत. स्कॅन केल्यावर नाव ग्रामपंचायतीचं दिसलं पाहिजे. कोणा माणसाचं दिसलं तर पैसे टाकू नका. यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे पावती नव्हे. खरी पावती नमुना १० ची, ती मागून घ्या. त्यावरचा मालमत्ता क्रमांक नमुना ८ च्या उताऱ्याशी जुळवून बघा. जुन्या कुडाच्या घराची आकारणी वेगळी होती, पक्क्या घराची नोंद नव्याने करावी लागते, आणि ती झाली नसेल तर अजून जुन्याच घराची पट्टी भरली जात असेल.