घरातला मकतब

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, मशिदी बंद झाल्या आणि त्यांच्या माडीवर किंवा शेजारच्या खोलीत भरणारे मुलांचे धार्मिक वर्ग, म्हणजे मकतबही बंद पडले. त्यानंतर मोबाइलच्या पडद्यावरून सबक (धडा) देणारा उस्ताद महाराष्ट्रातल्याही कितीतरी मुस्लिम घरांत येऊ लागला. परदेशी गेलेल्या दक्षिण आशियाई कुटुंबांना तो आधीपासून ठाऊक होता. ब्रिटन-अमेरिकेतल्या घरांत लाहोर, कराची किंवा कैरोचा शिक्षक स्काइपवरून मुलांना नाजरा, म्हणजे पाहून कुरआन वाचणे, शिकवत होता. या पद्धतीकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा आढळतात. काहींना वाटते की गुरुशिष्यांची समोरासमोरची परंपरा यामुळे मोडली. काहींच्या लेखी ही निव्वळ सोय आहे, तीत विचार करण्याजोगे काहीच नाही. इतिहास पाहिला तर दोन्ही मते तोकडी पडतात. घर हे या शिक्षणाचे फार जुने ठिकाण आहे. यंत्राविषयीची शंकाही जुनी आहे आणि तिचे बरेचसे निरसन मागेच झाले आहे. खरोखर नवे आहे ते एवढेच, की मूल एकटे शिकते आहे. आणि परंपरेतल्या विचारवंतांना नेमकी हीच गोष्ट पसंत नव्हती.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण मराठी वाचकांतही तो पुष्कळ आहे. मकतब आणि मदरसा एक नव्हेत. मदरशात धर्मशास्त्राचे पूर्णवेळ शिक्षण असते. मकतबात मूल तास-दोन तास जाते. कायदा (अरबी अक्षरओळखीचे पुस्तक), सिपारे (कुरआनचे भाग), नमाज, दुआ आणि दीनियातची (धर्मज्ञानाची) मूलतत्त्वे शिकते, आणि उरलेला दिवस चारचौघांसारखे शाळेत असते. शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम ३ ते ४ टक्के मुले मदरशात शिकतात, हे मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ च्या अहवालात स्पष्ट केले आणि या दोन संस्थांची गल्लत होते हेही नोंदवले. म्हणजे घरी बसून ऑनलाइन दीनियात शिकण्याचा विषय मूठभर भावी मौलवींचा नाही. सकाळी मराठी, उर्दू किंवा इंग्रजी शाळेत जाणाऱ्या सर्वसाधारण मुलांचा तो आहे.

या शिक्षणाचा आरंभ घरातच होत असे, याचा उत्तम पुरावा दख्खनच्या चालीरीतींवर लिहिलेल्या ‘कानून-ए-इस्लाम’ या ग्रंथात आहे. जाफर शरीफ यांनी लिहिलेला आणि हर्क्लॉट्स या डॉक्टरांनी इंग्रजीत आणलेला हा ग्रंथ १८३२ मध्ये लंडनला छापला गेला. मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की बिस्मिल्लाचा समारंभ करायचा, नातलग-शेजारी बोलवायचे आणि त्यांच्यासमोर मुलाच्या तोंडून पहिली अक्षरे वदवायची, ही रीत त्यात सांगितली आहे. कुरआन पुरे झाले की उस्तादाला हदिया (भेट) द्यायचा. सणाच्या आधी उस्ताद रंगीत कागदावर ईदीचे पद्य लिहून देई, मूल तो कागद घरी नेई आणि आईबाप त्याबदली शिक्षकाला काही देत. या चालींत उत्सवाची हौस आहे, तशी एक व्यवस्थाही आहे. मुलाला कोण शिकवतो आणि मूल कुठवर आले, हे घराला आणि मोहल्ल्याला ठरावीक टप्प्यांवर कळत होते. अभ्यास घरात सुरू झाला तरी तो दाराआड होत नव्हता.

घर आणि मकतब यांच्यातली रेषा किती पुसट होती, हे पश्चिम किनाऱ्यावरही दिसते. गोव्याच्या दक्षिणेला असलेल्या होन्नावरला इब्न बतूता हा प्रवासी १३४० च्या दशकात आला होता. तिथल्या स्त्रियांना कुरआन पाठ असल्याचे तो लिहितो, आणि गावात मुलींच्या १३ व मुलांच्या २३ शाळा पाहिल्याचे सांगतो. प्रवाशाच्या कौतुकात थोडी अतिशयोक्ती धरली, तरी एका बंदरगावात मुलींच्या १३ शाळा म्हणजे मोठ्या इमारती नसणार. ओसरी, पडवी, एखादी खोली आणि तिथे शिकवणारी जाणती बाई असेच त्यांचे रूप असावे, असा माझा तर्क आहे. पक्के आकडे हवेत तर बंगालकडे वळावे लागते. तिथल्या देशी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या विल्यम ॲडमने १८३६ च्या अहवालासाठी राजशाहीतल्या नाटोर ठाण्यात घरोघर चौकशी करवली. वस्ती सुमारे १ लाख ९५ हजार, त्यात दोन तृतीयांश मुसलमान. प्राथमिक शाळा २७ आणि त्यांत शिकणारी मुले २६२; त्यांपैकी कुरआनपठणाच्या ११ अरबी शाळांत अवघी ४२. मात्र १,५८८ कुटुंबे मुलांना घरीच शिकवत होती आणि अशा मुलांची संख्या २,३८२ भरली. शाळेपेक्षा घरातली मुले नऊपट! हे घरचे शिक्षण हिंदू-मुसलमान दोघांचे होते आणि त्यात अक्षरओळख व हिशेब यांचाच वाटा मोठा होता, हे विसरता कामा नये. पण शाळांची यादी करून समाजाचे शिक्षण मोजता येत नाही, हा त्यातला धडा आपल्या विषयालाही लागू पडतो.

मुलींच्या बाबतीत तर घर हाच मुख्य आधार होता. उत्तर हिंदुस्थानातल्या शरीफ (कुलीन) घराण्यांत उस्तानी, म्हणजे शिक्षिका, येई किंवा मुली तिच्या घरी जात. नझीर अहमद यांनी १८६९ मध्ये ‘मिरात-उल-उरूस’ ही कादंबरी लिहिली. तिची नायिका असगरी आपल्या घरात मोहल्ल्यातल्या मुली जमवून शिकवते, आणि पुढच्या ‘बनात-उन-नाश’मध्ये हुस्नआरा ही लाडावलेली श्रीमंत मुलगी त्याच बैठकीत इतर मुलींच्या सहवासात सुधारते. कादंबरी म्हणजे दस्तऐवज नव्हे. तरीही वाचकांनी ही बैठक सहज स्वीकारली, यावरून ती त्यांच्या ओळखीची होती असे म्हणता येते. विसाव्या शतकाच्या आरंभी धर्मपंडित अशरफ अली थानवी यांनी ‘बहिश्ती जेवर’ रचले तेही मुलींनी घरी शिकावे म्हणूनच. अक्षरे, पत्रलेखन, नमाज-रोज्याचे नियम, घरखर्चाचा हिशेब, औषधे अशी दहा भागांची ती जणू घरपोच शाळाच होती. थानवींची स्त्रीविषयक सगळी मते आज कुणी स्वीकारावीत असे मी म्हणणार नाही. पण दूर बसलेला विद्वान घरातल्या मुलीपर्यंत पोहोचू शकतो, हा विश्वास ऑनलाइन वर्गाच्या शंभर वर्षे आधीचा आहे.

ऑनलाइन वर्गावर पहिला आक्षेप येतो तो तोंडी परंपरेचा. कुरआन उस्तादाच्या तोंडून ऐकायचे, त्याला म्हणून दाखवायचे, त्याने उच्चार सुधारायचे; कागदाने किंवा यंत्राने हे कसे साधेल? आक्षेप मोलाचा आहे, पण तो प्रत्येक नव्या साधनावर घेतला गेला आहे. छपाईला मुस्लिम जगाने दीर्घकाळ जवळ केले नाही, त्यामागे हीही धास्ती होती. एकोणिसाव्या शतकात शिळाछाप आली आणि चित्र पालटले. लखनौच्या मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्याने स्वस्त कुरआन घरोघर नेले, आणि मुंबईत छापलेल्या प्रती जहाजांतून थेट आजच्या इंडोनेशियापर्यंत गेल्या. मग आले ध्वनिमुद्रण. ते कुरआनपठणासाठी वापरावे का, हा प्रश्न १८९९ च्या सुमारास बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, सय्यद उस्मान यांच्यासारख्या विद्वानांना विचारला जात होता. साठ-बासष्ट वर्षांनी खुद्द कैरोत शेख महमूद खलील अल-हुसरी यांच्या आवाजात संपूर्ण कुरआन मुद्रित होऊन १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांनी मागून म्हणावे म्हणून थांबत-थांबत केलेले त्यांचे पठणही पुढे मुद्रित झाले. छापील प्रतीने किंवा ध्वनिफितीने उस्ताद नाहीसा झाला नाही, त्याच्या हाती आणखी एक साधन आले. ऑनलाइन वर्ग तर या दोन्हींपेक्षा परंपरेला जवळचा आहे, कारण इथे उस्ताद मुलाचे वाचन ऐकतो आणि जागच्या जागी चूक दुरुस्त करतो. मखरजाचे (उच्चारस्थानाचे) बारकावे खराब जोडणीवर हरवतात हे खरे, पण ती उणीव जोडणीची आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो आणि तो आजच्या कुणी नव्हे, इब्न सीना यांनी घेतला आहे. अकराव्या शतकातल्या या तत्त्वज्ञ-वैद्याने मुलाला एकट्याने शिक्षकापुढे बसवण्यापेक्षा इतर मुलांत बसवावे असे आग्रहाने सांगितले. एकटे मूल आणि एकटा शिक्षक दोघेही कंटाळतात. सोबत असली की मुले एकमेकांचे पाहून शिकतात, चढाओढ करतात, मैत्री करतात. त्याच्याही आधी, नवव्या शतकात, कैरवानचे इब्न सहनून यांनी शिक्षकांसाठी नियम लिहिले. त्यांत शिक्षकाने मुलाला तीनपेक्षा जास्त फटके देऊ नयेत, अधिकाचा प्रश्न बापाच्या परवानगीचा, असे बंधन आहे. आज एकही फटका मान्य होणार नाही आणि ते योग्यच आहे. पण शिक्षकाच्या अधिकारावर कुणाची तरी नजर हवी, हे तेव्हाही कळत होते. बिस्मिल्लाला जमणारे शेजारी, ईदीचा कागद वाचणारे आईबाप, असगरीच्या बैठकीतल्या मुली हे सगळे त्या नजरेचेच भाग होते. एक पडदा, एक मूल, कानाला लावलेला हेडफोन आणि दुसऱ्या देशातला अनोळखी उस्ताद ही मांडणी मात्र या इतिहासात कुठेच बसत नाही. पडद्याला नावे ठेवण्याऐवजी या मांडणीला ठेवली पाहिजेत.

कुणी म्हणेल की एकास-एक शिकवण्यात लक्ष जास्त मिळते, गर्दीच्या मकतबात मूल मागे पडते, आणि लहान गावातल्या मुलीला आता घरबसल्या उस्तानी मिळते. हे फायदे खरे आहेत. शेवटचा तर मला या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ वाटतो, आणि तो सोडावा असे मी सुचवणार नाही. पण त्याच वेळी दोन गोष्टी हातच्या जात आहेत. मोहल्ल्याच्या अल्प वेतनावर राबणाऱ्या उस्तादाकडे शिकायला येणारी मुले कमी होत आहेत. आणि कोकणी-मराठी बोलणाऱ्या घरातल्या मुलाला दीनचा अर्थ परक्या मुलखाच्या उर्दूतून किंवा इंग्रजीतून समजावला जातो आहे. इतिहासकार इब्न खल्दून यांनी १३७७ मध्ये मगरिब (मोरोक्कोकडचा मुलूख), अंदलूस (मुस्लिम स्पेन), इफ्रीकिया (ट्युनिशियाकडचा मुलूख) आणि पूर्वेकडचे देश यांच्या बालशिक्षणाच्या चार वेगळ्या रीती नोंदवल्या होत्या. प्रत्येक मुलखाची आपली रीत असणे तेव्हा स्वाभाविक होते. एकाच साच्याचा दूरस्थ अभ्यासक्रम ती विविधता सहज पुसून टाकील.

म्हणून ऑनलाइन सबक लावणाऱ्या आईबापांना माझे सांगणे आहे: उस्तादाला किंवा उस्तानीला त्यांचे उस्ताद कोण ते विचारा, हेडफोन काढून टाका, शेजारची दोन-चार मुले त्याच पडद्यासमोर बसवा आणि घरातल्या एका मोठ्या माणसाने रोज सबक ऐकावा. मोहल्ल्यातला मकतब चालू असेल, तर आठवड्यातले काही दिवस तरी मुलांना तिकडे पाठवा.